मॉडेलमध्ये न बसवलेल्या वस्तूंचं शेड्यूल रेव्हिटमध्ये कसं काढता?

बिनखांबी

मंडळी, रेव्हिटवाल्यांसाठी, म्हणजे इमारतीचं मॉडेल करायचं ते सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी, प्रश्न आहे. एका रुग्णालयाचं काम चालू आहे, आवृत्ती २०२३. क्लायंटच्या प्रोजेक्ट मॅनेजरने मंजूर दरवाज्यांची पूर्ण यादी मागितली आहे: डी१ ते डी२४, माप, फायर रेटिंग, फिनिश सगळं. ऑपरेशन थिएटरचा मजला अजून डॉक्टरांच्या चर्चेत अडकलाय, त्यामुळे प्रत्यक्षात १५ च टाइप (दरवाज्यांचे प्रकार) मॉडेलमध्ये बसवले आहेत. शेड्यूलमध्ये, म्हणजे रेव्हिट मॉडेलवरून काढतं त्या तक्त्यात, तेवढेच दिसतात. उरलेले ९ लोड केलेले आहेत, प्रोजेक्ट ब्राउजरमध्ये दिसतात, त्यांची पॅरामीटर्सही भरलेली आहेत, पण शेड्यूल त्यांना ओळखच दाखवत नाही.

हे झालं दरवाज्यांचं. व्हीलचेअर, क्रॅश कार्ट (तातडीच्या उपचारांची ट्रॉली), ड्रेसिंग ट्रॉली या गोष्टी प्लॅनवर नको म्हणतात, पण यादीत हव्यात. शिवाय मेडिकल प्लॅनरने खोल्यांची यादी एक्सेलमध्ये दिली आहे आणि त्यातल्या बऱ्याच खोल्यांना अजून जागाच मिळालेली नाही.

लेजंडमध्ये (नमुने नुसते दाखवायच्या तक्त्यात) नऊही दरवाजे टाकून पाहिले. लेजंड कंपोनंट शेड्यूलमध्ये मोजला जात नाही. सध्या सगळं एक्सेलमध्ये हाताने चाललंय आणि दर आठवड्याला मॉडेल एक सांगतं, एक्सेल दुसरंच. काय करता तुम्ही?

नकाशावाला

ताई, तुमचे प्रश्न तीन आहेत आणि तिघांची उत्तरं वेगळी आहेत. खोल्यांचं होतं, दरवाज्यांचं थेट होत नाही, ट्रॉलीचं करावं की नाही यावर वाद घालता येईल.

आधी दरवाजे का दिसत नाहीत ते. रेव्हिटचं नेहमीचं शेड्यूल म्हणजे मॉडेलमधल्या इन्स्टन्सची, म्हणजे प्रत्यक्ष बसवलेल्या एकेका नगाची, मोजदाद. रुंदी, फायर रेटिंग ही टाइपची पॅरामीटर्स असली तरी शेड्यूल ती इन्स्टन्सच्या मार्फतच वाचतं. 'आयटमाइज एव्हरी इन्स्टन्स'ची टिक काढली की टाइपचं शेड्यूल झाल्यासारखं वाटतं, पण ते गट केलेले इन्स्टन्सच असतात. इन्स्टन्स शून्य म्हणजे गट नाही, गट नाही म्हणजे ओळ नाही. सेटिंगमध्ये कुठे बटण लपलंय का म्हणून शोधू नका, नाहीये.

खोल्या, एरिया आणि स्पेस यांना मात्र वेगळा न्याय आहे. प्लॅनवरून खोली डिलीट केली की रेव्हिट इशारा देतं की खोली व्ह्यूमधून गेली तरी प्रोजेक्टमध्ये शिल्लक आहे. लोक तो वाचत नाहीत आणि मग शेड्यूलमध्ये 'नॉट प्लेस्ड' लिहिलेल्या ओळींची रांग दिसली की घाबरतात. तीच गोष्ट तुमच्या कामाची आहे.

रूम शेड्यूल उघडा, रिबनवरून इन्सर्ट डेटा रो करा. खोली तयार झाली, जागा नसलेली. नाव, नंबर, विभाग भरा. रूम कॅटेगरीला 'मंजूर क्षेत्रफळ' असं एरिया प्रकारचं इन्स्टन्स पॅरामीटर द्या आणि प्लॅनरचा आकडा त्यात टाका, समजा ओपीडी कन्सल्टिंग १२ चौ. मी. शेड्यूलमध्ये एक कॅल्क्युलेटेड व्हॅल्यू घ्या: प्रत्यक्ष वजा मंजूर. प्लॅन जसा ठरत जाईल तसं रूम टूल घेऊन वरच्या ऑप्शन्स बारमधल्या यादीतून 'न्यू'ऐवजी ती खोली निवडायची आणि भिंतींच्या आत टाकायची. नाव-नंबर पुन्हा टाइप करावा लागत नाही. मेडिकल प्लॅनरबरोबरच्या बैठकीत हेच शेड्यूल स्क्रीनवर ठेवा. कुठल्या विभागाला किती तूट आहे ते तिथल्या तिथे दिसतं, वाद निम्मे होतात.

दोन ठिकाणी पाय अडकतो. पहिलं फेज, म्हणजे बांधकामाचा टप्पा (जुनं, नवं). न बसवलेल्या खोलीलाही फेज असतो, तो त्या शेड्यूलच्या फेजवरून ठरतो आणि नंतर बदलता येत नाही. शेड्यूल 'एक्झिस्टिंग'मध्ये असताना पन्नास खोल्या भरल्या तर न्यू कन्स्ट्रक्शनच्या प्लॅनमध्ये त्या यादीत येणार नाहीत. दुसरं लेव्हल. जागा नाही म्हणजे मजलाही नाही. शेड्यूलला मजल्याचा फिल्टर असेल तर या खोल्या गुपचूप गळतात. प्रोग्रॅमच्या (लागणाऱ्या खोल्यांच्या) शेड्यूलला मजल्याचा फिल्टर लावूच नका, विभागाने गट करा.

फिनिशेसच्या शेड्यूलमध्ये उलट गरज असते. तिथे एरिया शून्यापेक्षा जास्त असा फिल्टर टाकला की न बसवलेल्या, न बंदिस्त झालेल्या आणि एकाच जागेत दोनदा पडलेल्या अशा तिन्ही प्रकारच्या खोल्या बाहेर राहतात.

वर्‍हाडी_वास्तू

नऊ टाइप कोणते राहिले ते नुसतं बघायचं असेल तर पर्ज अनयूज्ड उघडा. न वापरलेल्या टाइपची आयती यादी. फक्त बघा आणि कॅन्सल करा. ओके दाबलंत तर तुमचे नऊ दरवाजे गेलेच म्हणून समजा, कारण तो डायलॉग सगळ्यांवर टिक लावूनच उघडतो. 😄

तिरकी_भिंत

आमच्याकडे सरळ नमुन्याची भिंत काढतात. इमारतीपासून लांब एक भिंत, तिच्यात प्रत्येक टाइपचा एकेक दरवाजा. शेड्यूलमध्ये सगळे येतात. जुनी पद्धत आहे, चालते.

रेतीसिमेंट

चालते कुठे? मी क्वांटिटी काढणारा माणूस आहे, त्या लांबच्या भिंतीने आमची झोप उडवलेली आहे. १५ मीटर लांब आणि ३ मीटर उंच भिंत धरली तर दोन्ही बाजूंचं प्लास्टर ९० चौ. मी. होतं. तेवढाच रंग. खाली वीटकाम. वर दरवाज्यांचा नग प्रत्येक टाइपला एकने जास्त. शेड्यूलवरून बीओक्यू (कामाच्या परिमाणांची यादी) काढणाऱ्याला कसं कळणार की ही भिंत इमारतीची नाही? व्ह्यूमध्ये लपवली, तिचा वर्कसेट (मॉडेलमधला तिचा गट) दिसेनासा केला, तरी शेड्यूलला फरक पडत नाही. शेड्यूल लपलेलंही मोजतं.

तसंही रेव्हिटचं भिंतीचं क्षेत्रफळ आम्ही जसंच्या तसं घेत नाही. मॉडेल प्रत्येक उघाड वजा करून मोकळं होतं. आयएस १२०० या मोजणीच्या भारतीय मानकाच्या भाग १२ प्रमाणे प्लास्टर मोजताना अर्धा चौ. मी. पर्यंतचं उघाड वजाच करायचं नसतं, अर्धा ते तीनपर्यंतचं एकाच बाजूला वजा करायचं असतं. म्हणजे आकड्यावर आधीच आमचं एक गणित बसलेलं असतं. त्यात तुमची प्रदर्शनाची भिंत शिरली की चूक शोधायला कुठून सुरुवात करायची?

तिरकी_भिंत

मान्य, पण त्याला उपाय आहे. भिंत मेन मॉडेलमध्ये काढायचीच नाही, डिझाइन ऑप्शनमध्ये, म्हणजे मॉडेलमधल्या पर्यायी आराखड्यात, काढायची. 'कॅटलॉग' नावाचा ऑप्शन सेट करा, त्यात दोन पर्याय. पहिला 'रिकामा', तो प्रायमरी. दुसरा 'नमुने', त्यात भिंत आणि दरवाजे. भिंत आणि दरवाजा दोन्ही एकाच ऑप्शनमध्ये हवेत, भिंत बाहेर आणि दरवाजा आत असं जमत नाही.

नेहमीची शेड्यूल्स ऑटोमॅटिकवर असतात, म्हणजे मेन मॉडेल अधिक प्रायमरी. 'रिकामा' प्रायमरी असल्याने नमुने कुठेच मोजले जात नाहीत. मग कॅटलॉगसाठी दाराच्या शेड्यूलची डुप्लिकेट करा आणि तिच्या व्हिजिबिलिटी ग्राफिक्समध्ये जाऊन या सेटसाठी 'नमुने' निवडा. २४ च्या २४ ओळी.

बिनखांबी

हे छान वाटतंय. पण त्या शेड्यूलमध्ये मेन मॉडेलचे दरवाजेही येणार ना? मग नगाच्या रकान्यात प्रत्यक्ष अधिक नमुना असा आकडा दिसेल. क्लायंटला 'डी१६ – ० नग' असं हवंय.

तिरकी_भिंत

हो, येणार. त्याला कॅल्क्युलेटेड व्हॅल्यू. दरवाज्यांना 'नमुना' नावाचं यस-नो इन्स्टन्स पॅरामीटर द्या. नमुन्याच्या दारांना टिक. मग शेड्यूलमध्ये 'प्रत्यक्ष नग' असा नंबर प्रकारचा रकाना घ्या, सूत्र: इफ नमुना, शून्य, नाहीतर एक. फॉरमॅटिंगमध्ये जाऊन त्या रकान्याला 'कॅल्क्युलेट टोटल्स' लावा, आयटमाइज काढा, टाइप मार्कने सॉर्ट करा. डी१६ समोर ० येईल आणि डी३ समोर खरा आकडा. रेव्हिटचा स्वतःचा काउंट रकाना लपवून टाका.

एक गोम आहे. नवीन यस-नो पॅरामीटर टाकलं की जुन्या दारांवर ते धड हो नाही, धड नाही अशा करड्या अवस्थेत असतं. सगळी खरी दारं एकदम निवडून टिक लावा आणि काढा, मग ते नक्की 'नाही' होतं. आणि नमुन्याच्या दारांचा मार्क रिकामा ठेवा, नाहीतर तुमची दरवाज्यांची क्रमवारी त्यांच्यामुळे पुढे सरकेल.

रेतीसिमेंट

डिझाइन ऑप्शनला माझा विरोध कमी आहे, पण आहे. संकल्पना मंजूर झाली की कोणीतरी उत्साही माणूस सगळ्या सेटवर 'ॲक्सेप्ट प्रायमरी' चालवतो. तुमच्याकडे प्रायमरी रिकामा आहे. म्हणजे नमुने डिलीट, सेट डिलीट, आणि ज्या यादीवर क्लायंटची सही घ्यायची ती अर्धी. कोणी उलट 'नमुने' प्रायमरी करून ठेवला तर माझं ९० चौ. मी. प्लास्टर परत हजर. सेटचं नाव असं द्या की हात लावायच्या आधी माणूस दचकेल. 'कॅटलॉग – विचारल्याशिवाय हात लावू नये' असलं काहीतरी.

वर्‍हाडी_वास्तू

त्यापेक्षा वेगळी फाइल का नाही? आम्ही ऑफिसच्या सगळ्या मंजूर दरवाज्या-खिडक्यांची एक गोदाम फाइल ठेवतो. तिच्यात एकेक नमुना बसवलेला, लेजंड त्यातच, शेड्यूलही त्यातच. प्रकल्पाला लागेल ते तिथून कॉपी करायचं. प्रकल्पाच्या मॉडेलमध्ये खोटं काही नाही.

तिरकी_भिंत

ऑफिसच्या स्टँडर्डसाठी ठीक. पण एकदा टाइप प्रकल्पात कॉपी झाला की दोन्हींचा संबंध तुटतो. ताईंच्या डी१८ चं फायर रेटिंग प्रकल्पात ६० वरून १२० मिनिटं झालं तर गोदामाला पत्ता नाही. म्हणजे एक्सेलच्या जागी आरव्हीटी (रेव्हिटची फाइल) आली, दुखणं तेच.

पायथनपंत

खोटं काही न बसवता खरी यादी हवी असेल तर डायनॅमो किंवा पायरेव्हिट, म्हणजे रेव्हिटमध्ये स्क्रिप्ट चालवायची साधनं. रेव्हिटच्या डेटाबेसमध्ये टाइप हे स्वतंत्र एलिमेंट आहेत, त्यांना इन्स्टन्स असो वा नसो. शेड्यूल त्यांच्यापर्यंत जात नाही, एपीआय (स्क्रिप्टने रेव्हिटशी बोलायची सोय) जातं.

तर्क असा: फिल्टर्ड एलिमेंट कलेक्टर घ्या, दारांच्या कॅटेगरीपुरता मर्यादित करा आणि त्यावर 'व्हेअर एलिमेंट इज एलिमेंट टाइप' लावा. सगळे टाइप मिळाले. दुसऱ्या कलेक्टरने त्याच कॅटेगरीचे इन्स्टन्स घ्या आणि प्रत्येकाचा टाइप आयडी विचारून मोजत जा. मग टाइपच्या यादीवरून फिरायचं: ज्याचा आयडी मोजणीत आला त्याला तो आकडा, नाही आला त्याला शून्य. टाइप मार्क, रुंदी, उंची, फायर रेटिंग वाचून एक्सेलमध्ये लिहायचं. वीस-पंचवीस ओळींचं काम आहे. भिंतींचे, फरशांचे, सीलिंगचे टाइपही असेच निघतात, फक्त कॅटेगरी बदला.

नऊ दरवाजे नमुना म्हणून बसवणं एक वेळ ठीक, पण भिंतींचे साठ प्रकार नमुन्याला काढत बसणार का?

रेव्हिट एलटी (छोटी आवृत्ती) असेल तर मात्र हे विसरा, त्यात डायनॅमोही नाही आणि ॲडइनही नाहीत.

बिनखांबी

@पायथनपंत, ऑफिसमधल्या एका मुलाने तुमच्या तर्काप्रमाणे लिहून दिलं. दोन अडचणी. टाइपचं नाव विचारलं की एरर येतो. आणि डी७ ची रुंदी एक्सेलमध्ये २.९५२७५६ आली आहे. दरवाजा ९०० मिमीचा आहे.

पायथनपंत

दुसरं आधी. रेव्हिट आतल्या आत सगळी लांबी दशांश फुटांत ठेवतं, तुम्ही प्रोजेक्ट युनिट काहीही ठेवा. ९०० भागिले ३०४.८ करा, तुमचा २.९५२७५६ मिळेल. शेड्यूल दाखवताना रूपांतर करतं, एपीआय कच्चा आकडा हातात ठेवतं. स्क्रिप्टमध्ये युनिट युटिल्सचं 'कन्व्हर्ट फ्रॉम इंटर्नल युनिट्स' वापरा. हाताने ३०४.८ ने गुणलं तरी लांबीपुरतं चालतं, पण क्षेत्रफळ चौरस फुटांत असतं, तिथे तोच गुणक लावाल तर गोंधळ होईल.

नावाचं: आयर्नपायथनमध्ये (पायथनच्या एका प्रकारात) फॅमिली टाइपवर थेट डॉट नेम केलं की ते अडतं, हे जुनं दुखणं आहे. एलिमेंट क्लासवरून मागा, म्हणजे एलिमेंट डॉट नेम डॉट गेटव्हॅल्यू आणि कंसात तो टाइप. किंवा 'सिम्बॉल नेम' हे बिल्ट-इन पॅरामीटर वाचा.

पुढेमागे त्या स्क्रिप्टमधून दरवाजा बसवायचाही विचार असेल तर लक्षात ठेवा, कधीच न वापरलेला फॅमिली टाइप आधी ॲक्टिव्हेट करावा लागतो, नाहीतर तिथेही एरर.

रेतीसिमेंट

ही पद्धत मला पटते. मॉडेल स्वच्छ राहतं. पण यादी शेवटी एक्सेलमध्येच गेली की. सुरुवातीचं रडगाणं तेच होतं ना, मॉडेल आणि एक्सेलची फारकत?

पायथनपंत

फारकत होते ती माणूस एक्सेलमध्ये टाइप करतो म्हणून. इथे एक्सेल हा नुसता प्रिंटआउट समजायचा. इश्यू करायच्या दिवशी स्क्रिप्ट चालवायची, जुनी फाइल पुसून नवी. कोणी एक्सेलमध्ये हाताने दुरुस्ती केली तर पुढच्या खेपेला ती उडणार, आणि उडालीच पाहिजे. दुरुस्ती टाइपच्या पॅरामीटरमध्ये करा. शीटवर हवं असेल तर पीडीएफ करून शीटवर ठेवा.

सोलिहलचा_सुतार

मी इंग्लंडमधून लिहितोय, इथे बांधकाम कंपनीत बिम (इमारतीच्या माहितीचं मॉडेल) बघतो. ट्रॉली आणि व्हीलचेअरबद्दल माझे दोन पैसे.

आधी विचारा की यादी कोणाला आणि कशासाठी हवी आहे. खरेदी खात्याला हवी असेल तर कोणत्या खोलीत किती, हे लागतं. मग वस्तू मॉडेलमध्ये 'बसवलेली' असलीच पाहिजे, फक्त दिसायला नको. स्पेशालिटी इक्विपमेंटची फॅमिली (वस्तूचा तयार नमुना) करा, आकृती एका वेगळ्या सबकॅटेगरीवर ठेवा आणि व्ह्यू टेम्प्लेटमध्ये ती सबकॅटेगरी बंद करा. प्लॅन स्वच्छ, आणि शेड्यूलमध्ये खोलीचं नाव, नंबर, वस्तू, नग सगळं. फॅमिलीत रूम कॅल्क्युलेशन पॉइंट चालू ठेवा म्हणजे भिंतीलगतची वस्तू भलत्या खोलीत मोजली जाणार नाही. काहीजण भूमिती नसलेली रिकामी फॅमिली टाकतात. त्या फंदात पडू नका. जी वस्तू दिसत नाही आणि निवडताही येत नाही, ती खोली हलली तरी तिथेच राहते आणि कोणाला पत्ता लागत नाही.

पण यादी देखभाल खात्याला हवी असेल, म्हणजे सुटे भाग, जादा फिल्टर, राखीव टाइल्स, तर त्या मॉडेलमध्ये बसवण्याच्या वस्तू नाहीतच. आमच्याकडे हस्तांतराची माहिती कोबी या ठरलेल्या नमुन्याच्या तक्त्यात देतात, २०१४ पासून बीएस ११९२ या ब्रिटिश मानकाच्या भाग ४ मध्ये ते घालून दिलेलं होतं. त्यात टाइपचं पान वेगळं, कंपोनंटचं वेगळं आणि स्पेअरचं आणखी वेगळं. ज्याने हा तक्ता आखला त्याला ठाऊक होतं की गोदामातल्या फिल्टरला एक्स-वाय-झेड नसतो. स्पेअर टाइपला जोडला जातो, जागेला नाही. तुमच्या क्लायंटने कोबी मागितलं नसलं तरी एक्सेलची आखणी तशी करून ठेवायला काय हरकत आहे?

नकाशावाला

सोलिहलकरांशी सहमत. व्हीलचेअर मात्र दोन्हींत बसत नाही, ती आज या वॉर्डात, उद्या त्या. तिला खोली द्यायचीच असेल तर जिथे ती ठेवली जाते ती स्टोअरची खोली द्या.

कडीकोयंडा

दरवाज्यांचा विषय निघालाय आणि हार्डवेअरचं कोणी बोललं नाही. मी दरवाज्यांच्या कड्या-कुलपांचं स्पेसिफिकेशन करतो. बिजागरं, मॉर्टिस लॉक, डोअर क्लोजर, पॅनिक बार, किक प्लेट. हे कोणी मॉडेलमध्ये बसवत नाही, बसवूही नये. त्याला की शेड्यूल (एका नावाखाली ठरलेल्या माहितीचा तक्ता) वापरा.

दरवाज्यांसाठी की शेड्यूल उघडा, कीचं नाव 'हार्डवेअर सेट'. ओळी घाला: एचडब्ल्यू-०१, एचडब्ल्यू-०२ वगैरे. प्रत्येक सेटसमोर बिजागरं किती, लॉक कोणतं, क्लोजर आहे की नाही. रेव्हिटमध्ये खोल्यांखेरीज ही एक जागा आहे जिथे मॉडेलमध्ये काहीही नसताना ओळ उभी राहते. एकाही दाराला एचडब्ल्यू-०९ लागला नसला तरी तो शेड्यूलमध्ये दिसतो. दाराला सेट लावला की ती पॅरामीटर्स आपोआप भरतात आणि दारावर ती बदलता येत नाहीत. हा त्रास नाही, फायदा आहे. साइटच्या घाईत एखाद्याच दाराचं कुलूप कोणी परस्पर बदलू शकत नाही.

मर्यादा: की शेड्यूलमध्ये इन्स्टन्सची पॅरामीटर्सच चालतात, टाइपची नाहीत. त्यामुळे दरवाज्याची रुंदी-उंची यात नाही आणता येणार. आणि कोणता सेट किती दारांना लागला हे तिथे कळत नाही, त्यासाठी नेहमीचं दाराचं शेड्यूल हार्डवेअर सेटने गट करून काढायचं.

बिनखांबी

हे डोक्यातच आलं नव्हतं. मग दरवाज्यांचे टाइपच की शेड्यूलमध्ये का नाही घालू? डी१ ते डी२४ की म्हणून?

कडीकोयंडा

घालता येईल, पण मग डी१६ ची रुंदी दोन ठिकाणी राहील. एक कीमध्ये लिहिलेला आकडा, एक फॅमिलीची खरी रुंदी. दोन्ही जुळतायत का हे बघायला कोणीच नाही. हार्डवेअरला दुसरं ठिकाणच नाही, म्हणून तिथे की शोभते.

आयएफसीची_आत्या

रेव्हिटच्या बाहेर एक डोकावून बघा म्हणते. आयएफसीमध्ये, म्हणजे मॉडेलची देवाणघेवाण करायच्या आयएसओ १६७३९ या खुल्या मानकात, दरवाज्याचा टाइप आणि दरवाजा या दोन वेगळ्या नोंदी आहेत. आयएफसी ४ मध्ये टाइप थेट प्रोजेक्टलाच जोडून जाहीर करता येतो, इमारतीत एकही नग नसला तरी. आयएफसी ओपनशेल ही फुकट पायथन लायब्ररी आहे. तिच्यात 'आयएफसी डोअर टाइप' मागितले की सगळे हातात येतात, आणि प्रत्येकाचे नग किती तेही एका ओळीत. बोनसाय, पूर्वी ज्याला ब्लेंडरबिम म्हणत, तेही त्याच पायावर उभं आहे. तिथे हा धागा निघालाच नसता.

वर्‍हाडी_वास्तू

आत्या, तिथे वेगळे धागे निघाले असते. 😄

आयएफसीची_आत्या

निघतात की, रोज. पण हा नाही.

नकाशावाला

शीट्सचं राहिलं, कोणाला लागेल म्हणून लिहितो. न काढलेल्या ड्रॉइंगची नोंदही शीट लिस्टमध्ये ठेवता येते. शीट लिस्टमध्ये इन्सर्ट डेटा रो केलं की प्लेसहोल्डर शीट तयार होते. स्ट्रक्चरल किंवा एमईपी (वीज-पाणी-वातानुकूलन) कन्सल्टंटची ड्रॉइंग्ज आपल्या यादीत दाखवायला उत्तम. नंतर आपल्यालाच ते शीट काढायचं झालं तर न्यू शीटच्या डायलॉगमध्ये खाली प्लेसहोल्डरची यादी असते, तिथून निवडलं की खरं शीट होतं.

बिनखांबी

सगळ्यांचे आभार. काल ऑफिसमध्ये बसून ठरवलं ते लिहिते.

खोल्या नकाशावाल्यांच्या पद्धतीने, न्यू कन्स्ट्रक्शनच्या शेड्यूलमध्ये भरायला घेतल्या आहेत. हार्डवेअर की शेड्यूलमध्ये. ट्रॉली आणि क्रॅश कार्ट वेगळ्या सबकॅटेगरीवर, व्हीलचेअर स्टोअरच्या नावावर. दरवाज्यांना डिझाइन ऑप्शन नको म्हटलं, टीममध्ये नवी मुलं आहेत आणि ॲक्सेप्ट प्रायमरीची भीती रास्त आहे. स्क्रिप्ट चालवणार. क्लायंटला नगाच्या रकान्यात शून्य दिसलं की त्याचा फोन येणार हे मात्र नक्की.

शेवटचा प्रश्न. डी१६ ते डी२४ मधला एखादा टाइप पुढे रद्द झाला तर डिलीट करू की ठेवू?

रेतीसिमेंट

डिलीट करू नका. यादीवर सही होऊन गेली की क्रमांक मधूनच गायब झालेला ठेकेदाराला चालत नाही. तो विचारतो डी१९ कुठे गेला, आणि जादा रकमेच्या दाव्यात तेच पत्र जोडतो. टाइपला 'स्थिती' असं एक टेक्स्ट पॅरामीटर द्या: मंजूर, प्रलंबित, रद्द. स्क्रिप्टमध्ये तो रकाना घ्या. रद्द झालेला डी१९ यादीत 'रद्द' म्हणून दिसू दे, नवा आला तर तो डी२५. जुना क्रमांक पुन्हा वापरायचा नाही.

पायथनपंत

आणि तो पर्ज अनयूज्ड कोणी चालवणार नाही याची व्यवस्था करा. इश्यू करायच्या आधी फाइल हलकी करायची म्हणून पर्ज मारायची सवय बऱ्याच जणांना असते. तुमचे नऊही टाइप त्याच्या यादीत सगळ्यात पुढे. स्क्रिप्टमध्ये दोन ओळी वाढवून मागच्या इश्यूची यादी ताडून बघा, एखादा टाइप मार्क कमी झाला असेल तर एक्सेल लिहायच्या आधीच तिने बोंब मारली पाहिजे.